वाचनालाही वाफसा लागतो



कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी. मग पिवळा, निळा व हिरवा. रंग निरक्षरालाही कळतो. पण पंपाला औषध किती घालावे, विषबाधा झाल्यास काय करावे, हे अक्षरांतच लिहिलेले असते. सोबतचे माहितीपत्रक मुलाच्या हाती देऊन “वाच रे” म्हणणारे बाप मी नांदेड-लातूरकडे पाहिले आहेत. मुलगा पाचवीत, पण दुसऱ्याच ओळीवर अडतो. शाळेत जाणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपण वाफसा आल्याशिवाय पेरत नाही. वाचनाचा वाफसा म्हणजे बोलणे. ज्या मुलाच्या कानावर भरपूर शब्द आणि गोष्टी पडल्या, त्याला कागदावरचा शब्द ओळखीचा वाटतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे (तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) खेड्यातील मुलांसाठी बालवाडी काढली. मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. साधनेही गावात मिळणारीच वापरली.

मग अक्षरे कशी शिकवावीत? आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, ही जुनी रीत. त्यात मूल घडाघडा म्हणते, पण मधल्याच अक्षरावर बोट ठेवले की गप्प होते. आता अनेक शिक्षक मोजकी अक्षरे घेतात. न, म, क, र, ल आणि काना एवढ्यावरच रान, मका, काम, नाला, कान, मामा असे शब्द तयार होतात. आपण वाचलेल्या शब्दाला अर्थ आहे, हे मुलाला पहिल्या काही दिवसांतच कळते. ते पक्के झाले की पुढचा गट घ्यावा.

माउलींनो, तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल. डाळ निवडताना विचारा, “म वरून काय काय सुरू होतं?” मका, मूग, मिरची! आवाज ओळखता आला की अक्षर लवकर बसते.

देगलूर, बिलोली, उदगीरकडे काही घरांत तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, तर तांड्यावर गोरमाटी बोलतात. मुलाशी घरच्या भाषेत खुशाल बोला, पण गुरुजींना तसे सांगा. निजामाच्या राजवटीत १९४८ पर्यंत आपल्या वाडवडिलांना वरचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. परक्या भाषेत शिकण्याचा जाच मराठवाड्याला नवा नाही.

२०२१ साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत मुलाने समजून वाचावे, हा त्याचा हेतू. पण आपल्याकडे जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हाच पेरणीची घाई असते. सोयाबीन काढणीलाही मूल घरी राहते. पहिली-दुसरीचे बुडालेले दिवस पुढे जड जातात. तेवढे टाळा.

आज दिवेलागणीला पाव तास मुलाजवळ बसा. पाठ झालेला धडा ऐकू नका. मधल्याच ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगा आणि काय कळले ते विचारा. अडखळले तर हात उगारू नका. उद्याच शाळेत जाऊन गुरुजींना भेटा. नांगे वेळेवर भरले तरच पीक साधते.