हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे

गावात कुणी अचानक गेलं की आपण म्हणतो, 'हार्ट फेल झालं.' म्हणून डॉक्टरांच्या कागदावर 'हार्ट फेल्युअर' दिसलं की घरात रडारड सुरू होते. पण त्याचा अर्थ हृदय थांबलं असा नाही. ते चालू असतं, मात्र शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतं.

असं का होतं, ते आज समजून घेऊ. हृदयाचे दिवसाला सुमारे १ लाख ठोके पडतात. त्यासाठी लागणारी शक्ती 'एटीपी' नावाच्या पदार्थातून मिळते. त्याचा साठा काही सेकंदच पुरतो, म्हणून तो सतत बनवावा लागतो. हृदयाच्या पेशींत त्यासाठी बारीक चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया. निरोगी हृदयात या चुलींत मुख्यतः चरबी जळते, थोडी साखरही.

हृदय कमजोर होत गेलं की चरबी जाळायला मदत करणारी प्रथिनं कमी होतात आणि चुली मंदावतात. आपल्या बचत गटाची असते तशी हृदयाचीही छोटी शिल्लक असते, क्रिएटिन फॉस्फेट. आधी ती घटते, मग एटीपी.

म्हणजे रक्तात सरपण असतं, पण चूलच नीट पेटत नाही. म्हणून नुसतं तूप किंवा टॉनिक देऊन हे हृदय सुधारत नाही. त्याचा भार कमी करावा लागतो. काही गोळ्या ठोके सावकाश करून हृदयाचा खर्च वाचवतात. लघवीची गोळी अंगात साठलेलं पाणी काढते. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, तर सगळा भार पुन्हा त्याच हृदयावर येतो. पापड, लोणचं, वरून मीठ हेही कमी करायला हवं.

शक्ती बनवणाऱ्या काही प्रथिनांना लोह लागतं. म्हणून हृदयाच्या रुग्णाने रक्तातलं लोह तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

थोडं चाललं तरी दम लागणं, रात्री आडवं पडल्यावर गुदमरून उठून बसावं लागणं, पायांवर सूज येणं, हे 'कामाचा शीण' म्हणून अंगावर काढू नका. आजार आधीच कळलेला असेल तर रोज सकाळी वजन करा. ३ दिवसांत २ किलोंहून जास्त वाढलं, तर लगेच दवाखाना गाठा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशेबाबरोबर एवढंही विचारूया: कुणाच्या घरी गोळ्या मध्येच थांबल्यात का?