पोटरीत शिल्लक असलेला जोर

वय झालं की पावलं लहान पडतात, चाल मंदावते. 'आता पायात जोर राहिला नाही,' असं आपण सहज म्हणून टाकतो. पण थांबा!

चालताना शरीर पुढे जातं ते मागचा पाय चवड्याने जमिनीला रेटतो म्हणून. हे काम मुख्यतः पोटरीचं. उतारवयात नेमका हाच रेटा कमी होतो आणि खुब्याच्या स्नायूंवर जास्त भार येतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात जेसन फ्रान्झ, रॉजर क्रॅम आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांना जोर मोजणाऱ्या ट्रेडमिलवर चालवलं. आपण किती रेटा देतोय, हे त्यांना चालता चालताच समोर पडद्यावर दिसत होतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला तरी विलक्षण वाटतो: ही मंडळी तरुणांइतका रेटा देऊ शकली! म्हणजे ताकद होती, वापरली जात नव्हती.

हा प्रयोग प्रयोगशाळेतला, थोड्या वेळाचा. घरी सवय टिकवणं हे वेगळं काम. आईबाबांना ट्रेडमिलवर एकटं मात्र चढवू नका. फिजिओथेरपिस्टला एवढंच विचारा: "चालताना यांची टाच नीट उचलली जाते का? चवड्याचा रेटा वाढवायला काय करू?"