अंधाऱ्या पडद्याची कैफियत

माझ्या भाचीने या उन्हाळ्यात नवा लॅपटॉप घेतला आणि तो घरी येताच, माझ्याच आग्रहावरून, त्यावरची विंडोज प्रणाली काढून तेथे लिनक्स बसविली. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात एका अंगाला आकड्यांचे तक्ते आणि दुसऱ्या अंगाला त्यांचे आलेख ठेवावे लागतात, आणि १४ इंची पडद्यावर ती दाटीवाटी सोसेना म्हणून तिने २७ इंची मॉनिटरही आणला होता. तो एचडीएमआय केबलने जोडला तेव्हा त्यावर ‘सिग्नल नाही’ ही अक्षरे क्षणभर उमटली आणि मग तो काळोखात गेला. ‘मामा, दुकानात विंडोजवर हाच मॉनिटर लावल्याबरोबर लागला होता,’ एवढेच ती म्हणाली. त्या साध्या वाक्यात जो रास्त सवाल होता, त्याला ‘केबल बदलून पाहा’ असे मोघम उत्तर देऊन मोकळे होणे मला प्रशस्त वाटेना; म्हणून त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून या मामल्याची मुळापासून चौकशी केली. तिचा वृत्तांत येथे सविस्तर देत आहे, कारण नव्या यंत्रावर लिनक्स घेणाऱ्या पुष्कळांवर हाच प्रसंग येतो.

लॅपटॉप चित्र पाठवितो आणि मॉनिटर ते निमूटपणे दाखवितो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण चित्राचा पहिला बिंदू निघण्यापूर्वी त्या दोघांमध्ये रीतसर जाबजबाब व्हावा लागतो. एचडीएमआयच्या टोकाशी १९ पिना असतात. त्यांपैकी अठराव्या पिनेवरून लॅपटॉप ५ व्होल्टांचा दाब मॉनिटरकडे पाठवितो. मॉनिटर एकोणिसाव्या पिनेवरून आपण हजर असल्याची वर्दी देतो. आणि ती वर्दी पोहोचली म्हणजे पंधराव्या व सोळाव्या पिनांवरून, एकीवर घड्याळाचे ठोके व दुसरीवर मजकूर अशा रीतीने, लॅपटॉप त्याला विचारतो की तू कोण, कोणाच्या कारखान्यातला, आणि काय काय दाखविण्याची तुझी ताकद आहे. दोन तारांवर बोलण्याची ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये, दूरचित्रवाणी संचाच्या पोटातील चिपांनी एकमेकींशी बोलावे म्हणून सिद्ध केली होती. या व्यवस्थेतील मला सर्वांत मनोज्ञ वाटणारी गोष्ट अशी की, उत्तर देणाऱ्या इवल्याशा स्मृतिचिपेला लागणारी वीज त्या ५ व्होल्टांतूनच मिळू शकते, आणि म्हणून मॉनिटर निजलेला असला तरीही आपली ओळख सांगण्यापुरता तो जागा असू शकतो.

ही ओळख म्हणजे ‘ईडीआयडी’ नावाचा १२८ बाइटांचा दस्तऐवज. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये त्याचा नमुना ठरवून दिला, आणि तीन दशके उलटून गेली तरी त्याची मूळ मांडणी आजही ओळखता येते. पहिले आठ बाइट केवळ मोहरेसारखे असतात: प्रारंभी शून्य, मग आठही बिट एक असलेले सहा बाइट, आणि शेवटी पुन्हा शून्य, ही मोहर दिसली नाही तर पुढचे वाचण्यात अर्थ नाही. त्यानंतर निर्मात्याच्या नावाची तीन अक्षरे येतात, पण एकेका अक्षराला पाचच बिट देऊन ती दोन बाइटांत अशी बसविली आहेत, की जुन्या कारकुनांनी कागद वाचविण्यासाठी शब्दांचे संक्षेप करावेत त्याची आठवण व्हावी. निर्मितीचे वर्ष १९९० पासून मोजून लिहितात, म्हणून २०२३ सालचा मॉनिटर तेथे ३३ हा अंक दाखवितो. पुढे पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरांत, रंगांचे गुणधर्म आणि कोणत्या मापाचे चित्र सेकंदाला किती वेळा दाखविता येईल याचा तपशील असतो. शेवटचा बाइट ताळ्याचा. शाळेत गुणाकार झाला की त्याचा ताळा पाहण्याची जी रीत असे, तीच ही: सर्व १२८ बाइटांची बेरीज करून तिला २५६ ने भागले असता बाकी शून्य उरलीच पाहिजे, आणि ती तशी उरली नाही तर वाटेत कोठेतरी एखादे अक्षर बिघडले असे निश्चित समजावे.

लिनक्सची थोरवी मला जी वाटते ती येथे आहे. हा सारा जाबजबाब लिनक्समध्ये वापरणाऱ्यापुढे उघड्या दप्तरासारखा मांडलेला असतो. ‘सिस’ या मूळ फोल्डरातून ‘क्लास’ आणि तेथून ‘डीआरएम’ असे आत गेले, की लॅपटॉपवरील चित्र बाहेर नेणाऱ्या प्रत्येक दारासाठी एक स्वतंत्र फोल्डर आढळतो. त्यात ‘स्टेटस’ या फाइलीत ‘जोडलेला’ किंवा ‘न जोडलेला’ एवढा एकच इंग्रजी शब्द असतो, ‘मोड्स’ मध्ये शक्य त्या चित्रमापांची यादी असते, आणि ‘ईडीआयडी’ या फाइलीत मॉनिटरने दिलेली कैफियत मूळ बाइटांसह जशीच्या तशी असते. त्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही आणि काही विकतही घ्यावे लागत नाही.

आम्ही तो फोल्डर उघडला, तेव्हा तेथे एचडीएमआयचा मागमूस नव्हता. एकच दार नोंदलेले होते, आणि त्याचे नाव ‘अननोन-१’, म्हणजे अज्ञात क्रमांक एक. केबलवरचा आणि मॉनिटरवरचा संशय त्याच क्षणी बाजूला ठेवता आला, कारण प्रश्न विचारणाराच जागेवर नव्हता, तेव्हा उत्तर न मिळाल्याचा दोष त्या दोघांना देता येत नव्हता.

मग लॅपटॉपचा स्वतःचा पडदा कसा उजळला होता, असे भाचीने विचारले, आणि या प्रकरणाचा सर्वांत फसवा भाग नेमका हाच आहे. लॅपटॉप सुरू होताना मदरबोर्डावरील ‘यूईएफआय’ ही प्राथमिक आज्ञावली अंगच्या पडद्यावर एक चित्र उभे करते आणि त्या चित्रासाठी राखलेल्या स्मृतीचा पत्ता मागून येणाऱ्या प्रणालीच्या हाती देते. लिनक्सला ग्राफिक्स चिपेची काहीही ओळख नसली तरी त्या पत्त्यावर रंगांचे अंक लिहीत राहिल्याने पडदा चालतो, अक्षरे उमटतात, खिडक्या उघडतात, आणि सारे यथास्थित आहे असा भास होतो. परंतु दुसऱ्या दाराकडे चित्र वळविणे, माप बदलणे, घड्याळाची गती ठरविणे यांपैकी कशाचाही अखत्यार या तात्पुरत्या व्यवस्थेला नसतो. तो अखत्यार चिपेच्या खऱ्या ड्रायव्हरचा. पूर्वी चित्राचे माप ठरविण्याचे काम कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर, एक्स नावाच्या आज्ञावलीकडे असे. मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून ते कर्नेलच्या पोटात आणण्यास प्रारंभ झाला, आणि तेव्हापासून मॉनिटरशी बोलणी करण्याची जबाबदारी कर्नेलातील ड्रायव्हरवर आली.

हा ड्रायव्हर गैरहजर का होता? प्रत्येक चिपेला निर्मात्याचा एक आणि नमुन्याचा एक असे दोन क्रमांक असतात. ड्रायव्हरजवळ आपल्याला ठाऊक असलेल्या क्रमांकांचा तक्ता असतो. आणि संगणक सुरू होताना कर्नेल त्या दोहोंची रुजुवात घालतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली तेव्हा चिपेचा क्रमांक दिसला, मात्र ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ ही ओळ तेथे नव्हती. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत सुरू केलेल्या या कर्नेलची नवी आवृत्ती साधारणतः ९ ते १० आठवड्यांनी निघते. पण आम्ही बसविलेले लिनक्सचे वितरण (डिस्ट्रिब्यूशन) स्थैर्यासाठी नावाजलेले असल्याने त्यातील कर्नेल प्रकाशनाच्या दिवशी गोठविलेला होता, आणि चिप त्यानंतर बाजारात आली होती. जुन्या तक्त्यात नव्या क्रमांकाची नोंद असणार कोठून? दुकानातील विंडोजबरोबर निर्मात्याने आपला ड्रायव्हर आधीच भरून दिला होता, एवढाच काय तो फरक. गोठविण्याच्या या धोरणाला मी दोष देणार नाही. जे यंत्र वर्षानुवर्षे अखंड चालावयाचे आहे त्याला तेच धोरण हितावह आहे. काल कारखान्यातून निघालेल्या लॅपटॉपला मात्र ते मानवत नाही.

ड्रायव्हरच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते. आजकालच्या चिपेला सुरू होताना तिच्याच निर्मात्याने तयार केलेली ‘फर्मवेअर’ची फाइल भरवावी लागते, आणि तिचा मूळ मसुदा बहुधा खुला नसतो. म्हणून डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पाने ती अधिकृत स्थापना-संचात वर्षानुवर्षे घेतली नव्हती. २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून तो निर्णय बदलला आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती संचात येऊ लागली. तत्त्वाला मुरड घातली असे काहींना वाटले, तरी ज्याचा पडदाच उजळत नाही त्याला मुक्त आज्ञावलीचा लाभ तरी कसा व्हावा, या विचाराने मला तो निर्णय योग्य वाटतो. निर्माते आणि कर्नेल लिहिणारे यांच्यातील हा ताण जुनाच आहे: २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टॉर्वाल्ड्स यांनी एनव्हिडिया कंपनीच्या असहकाराबद्दल जाहीर संताप व्यक्त केला होता, आणि मे २०२२ मध्ये त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलशी निगडित भाग खुला केला. ज्या लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स चिपा असतात त्यांपैकी अनेकांत एचडीएमआयचे दार दुसऱ्या, अधिक बलवान चिपेला जोडलेले असते, आणि तिचा ड्रायव्हर बसविल्याखेरीज ते दार उघडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आम्ही त्या वितरणाच्याच अधिकृत भांडारातून, जुन्या आवृत्तीसाठी बांधून दिलेला नवा कर्नेल आणि फर्मवेअरचा नवा संच घेतला व लॅपटॉप पुन्हा सुरू केला. मध्येच पडदा एकदा लुकलुकला, कारण तात्पुरत्या व्यवस्थेकडून खऱ्या ड्रायव्हरने कारभार हाती घेतला होता. फोल्डरात आता ‘ईडीपी-१’, ‘एचडीएमआय-ए-१’, ‘डीपी-१’ आणि ‘डीपी-२’ अशी चार दारे होती, आणि मॉनिटरची कैफियत, मूळचे १२८ व ध्वनी इत्यादींच्या पुरवणीचे १२८ मिळून २५६ बाइट, पूर्ण आली होती. मोठा पडदा उजळला तेव्हा भाचीचा चेहरा पाहण्याजोगा होता.

पण माउसचा बाण अडखळत चालत होता. मॉनिटर ३८४० गुणिले २१६० चित्रबिंदूंचा, आणि चित्र मात्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलत होते. याचे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे आणि तितकेच इतिहासाचेही. दृश्य बिंदू सुमारे ८३ लाख असले तरी एचडीएमआयवर एका चित्राला ४४०० गुणिले २२५०, म्हणजे ९९ लाख जागा मोजाव्या लागतात. काचेच्या नळीच्या काळात इलेक्ट्रॉनांचा झोत एक ओळ संपवून दुसरीच्या आरंभाकडे परते तेवढा वेळ चित्र थांबवावे लागे, ती नळी गेली तरी तो रिकामा वेळ मानकात टिकला, आणि आज त्याच रिकाम्या जागेतून ध्वनी पाठविला जातो. ९९ लाखांना ६० ने गुणले की सेकंदाला ५९ कोटी ४० लाख ठोके होतात. लॅपटॉपचे दार एचडीएमआय १.४ चे होते आणि त्याची मर्यादा ३४ कोटींची. ३० वेळांचे २९ कोटी ७० लाख तेवढे त्यात मावतात. ही मर्यादा तारांची आणि चिपांची असल्याने तेथे कोणत्याही आज्ञावलीचा इलाज चालत नाही.

इलाज लॅपटॉपच्या दुसऱ्या कडेला होता. टाइप-सी दाराचे मानक २०१४ मध्ये निघाले. त्याच्या २४ संपर्कांमध्ये जलद वाहतुकीच्या चार जोड्या आहेत, आणि त्या प्रसंगानुसार यूएसबीसाठी अथवा डिस्प्लेपोर्टसाठी वापरता येतात. मात्र प्रत्येक टाइप-सी दाराला हा अधिकार दिलेला असतोच असे नाही. लॅपटॉपच्या दोनांपैकी कोणत्या दाराजवळ डिस्प्लेपोर्टची लहानशी खूण आहे ते भिंग घेऊन पाहावे लागले. त्या दारातून सरळ डिस्प्लेपोर्टमध्ये जाणारी केबल लावली, तेव्हा चारही जोड्या चित्राला मिळाल्या आणि ६० चा आकडा आला. एका दाराची अनेक दारे करून देणाऱ्या स्वस्त डॉकमध्ये पुष्कळदा दोन जोड्या यूएसबीकडे वळविलेल्या असतात, आणि मग पूर्ण पैसे मोजूनही ३० वरच समाधान मानावे लागते. म्हणून एकाच मॉनिटरसाठी सरळ केबल घ्यावी, असे माझे मत आहे.

कर्नेलच्या मूळ मसुद्यात एक यादी आहे. ज्या मॉनिटरांची कैफियत कारखान्यातूनच चुकीची लिहून आली, त्यांची नावे आणि प्रत्येकाची चूक कशी सावरून घ्यावी याचा तपशील तीत नोंदला आहे. अशी नोंद होण्यासाठी कोणीतरी आपल्या अंधाऱ्या पडद्यापुढे बसून ती फाइल वाचावी लागते आणि पुढे कळवावी लागते. वाचकहो, तुमचा मॉनिटर नव्या कर्नेलवरही रुसून बसला, तर ‘डीआरएम’च्या फोल्डरातील ‘ईडीआयडी’ची फाइल आणि कर्नेलने सुरू होताना लिहिलेली नोंद, ही दोन्ही जोडून आपल्या वितरणाच्या दोषनोंदणीकडे अवश्य पाठवा, तोच मॉनिटर आणणाऱ्या पुढच्या माणसाचा पडदा तुमच्या त्या पत्रामुळे पहिल्याच दिवशी उजळेल.