पणजोबांचे वडील कोण?

दिवाळीच्या फराळाला घरची सारी मंडळी जमली, की एक लहानसा प्रयोग करून पाहा. समोर बसलेल्या तरुण मुलाला विचारा, "तुझ्या आजोबांचे वडील कोण?" बहुतेक मुले नाव सांगतील. "आणि त्यांचे वडील?" येथे चकलीचा तुकडा हातातच राहील. "बरे, त्यांची आई?" या प्रश्नाला मात्र घरातील वडीलधारी माणसेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतील!

आपली मुळे शोधण्याची हौस अमेरिकेत फार. कोणता पूर्वज कोणत्या गावी प्रथम उतरला, याचा छडा तेथील माणसे चिकाटीने लावतात. आपल्याला त्यासाठी सातासमुद्रापार जायला नको. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या चार स्टेशनांच्या टापूत वंशावळीचे तीन निरनिराळे नमुने आपल्याला भेटतात.

पहिला नमुना राजेलोकांचा. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे. तेथील शिलालेखात शिलाहार राजा मुम्मुणी याचा उल्लेख आहे. त्याच्या आधी छित्तराज आणि नागार्जुन या त्याच्या भावांनी राज्य केले होते. शिलाहारांच्या ताम्रपटांत पिढ्यांमागून पिढ्या ओळीने दिलेल्या असतात; सुरुवात मात्र होते ती गरुडासाठी स्वतःचा देह देऊ करणाऱ्या जीमूतवाहनापासून! मूळ पुरुष थोर असावा, ही हौस राजालाही चुकलेली नाही.

पण ताम्रपट करवून घेणारे हात थोडेच. बदलापूरच्या आसपास पिढ्यान् पिढ्या भातशेती करणाऱ्या आगरी-कुणबी घराण्यांचे काय? त्यांची वंशावळ गावच्या दप्तरात दडलेली असते. खातेदार वारला, की वारसांची नावे फेरफारात चढतात. एकामागून एक फेरफार मागे उलगडत जा. नातवावरून मुलगा, मुलावरून बाप, अशा पायऱ्या उतरता येतात. जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, तीही अशीच कामाची. अडचण एकच. या जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना केवढा भाव आला, हे आपण पाहिलेच आहे.

तिसरा नमुना उल्हासनगरचा, आणि मनाला चटका लावणारा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी येथे बराकी उभारल्या होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नगर झाले. कॅम्प एक ते कॅम्प पाच, हाच या मंडळींचा नवा पत्ता. जुने घर, जुने शेजारी, जुने दप्तर, सारे सीमेपलीकडे राहिले.

तरी एक गोष्ट ही माणसे बरोबर घेऊन आली. ती म्हणजे आडनाव! आपली पुष्कळ आडनावे गाव सांगतात; बदलापूरकर म्हटले, की मूळ ठिकाण कळते. सिंधी आडनाव मात्र बहुधा माणूस सांगते. कृपाल नावाच्या पुरुषाचे वंशज ते कृपलानी. वासवाणी, आसवाणी यांची घडणही तीच. गाव हिरावून घेता येते; आडनावात बसलेला पूर्वज कसा हिरावणार? शिवाय लग्न जमवताना 'नुख' विचारण्याची चाल आहे. आपल्याकडे कूळ पाहतात, तसेच ते.

पण आडनावाने मूळ पुरुष कळतो, मधल्या पिढ्या नव्हे. त्यांचा माग कागदांत आहे. सिंधमध्ये मागे राहिलेल्या घराजमिनींबद्दल १९५० च्या कायद्यान्वये निर्वासितांनी दावे दाखल केले. अशा दाव्याची नक्कल घरात असेल, तर तिच्यावरून मूळ गावाचा आणि मालमत्तेचा पत्ता लागतो. दुसरे साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्या. पूर्वज हरिद्वारला गेलेला असेल, तर तेथील पंड्यांच्या वहीत त्याची नोंद सापडू शकते. या वह्यांची सूक्ष्म छायाचित्रे अमेरिकेतील यूटा राज्यातल्या वंशावळी-संस्थेने घेऊन ठेवली आहेत. आमच्या पूर्वजांची नावे जपण्याची चिंता त्यांना, आणि आम्ही जुन्या पेट्या रद्दीवाल्याला देतो!

खरी अडचण लिपीची आहे. आजोबांची पत्रे अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. नातू शिकला देवनागरी आणि इंग्रजी. व्यापाऱ्यांच्या चोपड्या तर हटवाणिका लिपीत, आणि तीत काना-मात्रा फारशा लिहीतच नसत. क, म, ल एवढीच अक्षरे असतील, तर तो कमल, की कमला, की कोमल? हे सांगणार घरातला जुना माणूसच. १९४७ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. तो गेला, की कागद उरेल. वाचणारा उरणार नाही.

आणखी एक उणीव तिन्ही नमुन्यांत सारखीच आहे. राजा, खातेदार, आडनावाचा मूळ पुरुष, सारे पुरुषच! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वारस म्हणून स्थान दिले. पण घरच्या वंशवृक्षावर त्यांची फांदी अजून पुष्कळदा काढलेलीच नसते. पणजीचे माहेरचे नाव तर आठवणीतूनही गेलेले.

तेव्हा वाचकहो, या भाऊबीजेला एक कोरी वही काढा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. नाव, गाव, साल विचारा, आणि प्रत्येक पुरुषाबरोबर त्याची आई, बायको आणि बहीणही लिहा. साल आठवत नसेल, तर पूर कधी आला, धाकटा काका कधी जन्मला, एवढे तरी टिपा. ओवाळायला आलेली बहीण दाराशी उभी आहे. पहिले नाव तिचेच लिहायला काय हरकत आहे?