पंखा खरेच गार करतो का?

गेल्या मे महिन्यात मी कलबुर्गीला मामांकडे गेलो होतो. आम्हा बेळगावकरांना तिकडचे ऊन सोसवत नाही. दुपारी पारा ४२ अंशांवर गेला, तेव्हा मामांनी आजीच्या खाटेजवळ टेबलफॅन आणून पूर्ण वेगात सोडला. थोड्याच वेळात आजी म्हणाली, "बंद कर की रे तो फॅन, भट्टीपुढं बसल्यागत व्हायलंय." मामांना ती म्हातारपणाची किरकिर वाटली. खरे सांगायचे तर मलाही. चूक आमची होती, हे नंतर वाचनात आले.

पंखा हवा गार करीत नाही, नुसती हलवितो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगाची उष्णता घेऊन जातो. अधिक तापलेली असेल तर उलट आणून देतो. मग चाळीस अंशांतही वारा बरा का वाटतो? घामामुळे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो आणि वाऱ्याने तो लवकर वाळतो. तेव्हा जमा आणि खर्च दोन्ही मांडूनच शिल्लक काढावी लागते. (वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला दुसरी भाषा कुठली येणार!)

हा हिशेब ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांवरच पडताळून पाहिला व २०१९ साली प्रसिद्ध केला. १२ निरोगी तरुणांना त्यांनी तापविलेल्या खोलीत दोन-दोन तास बसविले. कधी पंखा लावून, कधी न लावता. ४० अंश व ५० टक्के आर्द्रतेच्या दमट हवेत पंख्यामुळे शरीराचे तापमान आणि हृदयावरचा ताण कमी राहिला. ४७ अंश व १० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत मात्र पंखा अपायकारक ठरला. तसल्या हवेत घाम वाऱ्यावाचूनही वाळतोच. पंख्याने पदरात पडते ती फक्त झळ.

हे झाले तरुणांचे. वयाबरोबर घाम कमी सुटतो, म्हणजे खर्चाची बाजूच आटते. याच संशोधकांनी २०२१ मध्ये पंख्यासाठी मर्यादा सुचविल्या: तरुणांना ३९ अंश, पासष्टीपुढच्यांना ३८ आणि घाम कमी करणारी औषधे चालू असलेल्या वृद्धांना ३७. आजीची खोली या सर्वांच्या पुढे गेलेली होती.

मामा तर हप्त्यांवर एसी घेण्याच्या विचारात होते. दीड टनी एसीला सुमारे १५०० वॉट वीज लागते, टेबलफॅनला सुमारे ६०. पंचवीस पट! त्याआधी करण्याजोगी एक गोष्ट आहे. घामाची उणीव पाण्याने भरून निघते. हातपाय, मान, तोंड ओल्या पंचाने वरचेवर पुसत राहिले, तर कातडी ओली असेपर्यंत तोच पंखा पुन्हा उपयोगी पडतो. पंचा वाळला की मात्र परत भट्टी.

हे सारे मी मामांना फोनवर सांगितले. आता खाटेजवळ बादली आणि पंचा असतो. मामी तासातासाला आजीला पुसून घेते. आजी मात्र मामांची पाठ वळली की फॅनचे तोंड भिंतीकडे फिरविते म्हणे.