पत्रा, कागद आणि सुटे भाग : जुनी फियाट पारखताना

जुनी मोटार विकत घेऊन ती पूर्ववत करण्याच्या कामात वेल्डिंग, डेंटिंग आणि रंग यांच्याही आधी एक काम येते, ते म्हणजे समोर उभी असलेली गाडी या साऱ्या खटाटोपाला पात्र आहे की नाही हे ठरवण्याचे. अशा गाडीला या क्षेत्रातील मंडळी ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. वर्षानुवर्षे बंद पडलेली, किंवा चालत असली तरी अंगाने खचलेली आणि पूर्ण काम काढल्याशिवाय रस्त्यावर भरवशाने आणता न येणारी गाडी, असा त्याचा अर्थ. नवखा गिऱ्हाईक आधी इंजिनाकडे पाहतो आणि विकणाराही त्याला इंजिन सुरू करूनच दाखवतो; परंतु या व्यवहारात इंजिन ही सर्वांत कमी काळजीची बाब आहे. जे मोडले ते बहुधा दुरुस्त होते. उलट जे गंजून नाहीसे झाले, जे गाडीवरून उतरवल्यावर हरवले आणि ज्याची सरकारी दप्तरात नोंदच सापडत नाही, ते पैसे मोजूनही परत मिळेल याची खात्री नसते, आणि गाडी घ्यावी की नाही याचा निर्णय तेथेच व्हावयास हवा.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक वेळा ज्या गाडीबाबत उभा राहतो ती फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, हिचेच उदाहरण येथे घेतले आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० बनू लागली. १९६४ च्या सुमारास तिचा ‘डिलाइट’ या नावाने ओळखला जाणारा नवा अवतार आला, आणि त्याच गाडीला १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना जाणारी ताकद, मागील बाजूस पाटे आणि स्टिअरिंगच्या खांबावर बसवलेला ‘हँड गियर’ ही तिची रचना उत्पादनाच्या बहुतेक काळात मूलतः तीच राहिली. या दीर्घ सातत्याचा लाभ असा, की एका काळातील गाडीचे यांत्रिक भाग दुसऱ्या काळातील गाडीला बरेचसे चालतात, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे हे भाग बनवणारे, दुरुस्त करणारे आणि जुने उतरवून विकणारे यांची एक मोठी साखळीच उभी राहिली. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून हटली. तेव्हापासून या साखळीला रोजचे गिऱ्हाईक उरलेले नाही, ही गोष्ट आज फियाट घेणाऱ्याने हिशेबात धरलीच पाहिजे.

फियाटची पारख पत्र्यापासून सुरू होते, कारण ही गाडी ‘मोनोकॉक’ बांधणीची आहे. जीपसारख्या वाहनात किंवा मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डसारख्या गाडीत खाली स्वतंत्र चासी असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी सांगाडा शाबूत राहू शकतो. मोनोकॉक बांधणीत वेगळी चासी नसतेच. जमिनीचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत हे सारे एकमेकांना जोडून जी पेटी तयार होते, तीच गाडीचा भार पेलते. म्हणून अशा गाडीत दाराखालची पट्टी गंजली तर बिघाड नुसता दिसण्याचा नसतो, गाडीचा कणाच कमकुवत झालेला असतो. त्यातून या पट्ट्या आतून पोकळ असल्याने पावसाचे पाणी आणि चिखल त्यांत साचून राहतो आणि गंज बाहेरून दिसण्यापूर्वी कितीतरी वर्षे आतून काम करत असतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून पत्र्याला आणि रंगाला ढकलतो. रंगावर उठलेला बारीकसा फोड ही म्हणूनच रोगाची सुरुवात नसते, तर बऱ्याचदा त्याची शेवटची अवस्था असते.

या कामात मुरलेला डेंटर गाडीभोवती एक फेरी मारतो ती डोळ्यांइतकीच बोटांनी. दाराचा खालचा काठ, पुढच्या मडगार्डचा हेडलाइटजवळचा आणि दाराजवळचा भाग, काचेच्या रबराखालची कड आणि डिकीची जमीन या ठिकाणी तो बोटाच्या पेराने ठोकत जातो. निखळ पत्रा खणखणीत वाजतो. जेथे आवाज बद्द येतो तेथे पत्र्यावर ‘लांबी’ भरलेली असते, म्हणजे खड्डा किंवा भोक झाकण्यासाठी रंगाखाली लावलेला पुट्टीचा थर. शंका पक्की करण्यास साधा लोहचुंबक पुरतो, कारण पत्र्याला तो झटकन चिकटतो आणि लांबीच्या जाड थरावरून घसरून पडतो. लांबी स्वतः दोष नव्हे, पातळ थर प्रत्येक रंगकामात असतोच. परंतु पत्र्याची जागा लांबीने घेतली असेल तर ती गाडी नव्हे, तिचा मुखवटा विकला जात आहे असे समजावे.

खरी परीक्षा त्यानंतर, गाडीच्या पोटाखाली होते. आतले मॅट आणि गालिचा उचलून, टॉर्च घेऊन खाली झोपून जमिनीचा पत्रा पाहावा लागतो. मागचे पाटे ज्या ठिकाणी सांगाड्याला टांगलेले असतात तेथे पेचकसाच्या टोकाने दाबून पाहावे लागते, आणि टोक आत रुतले तर त्या ठिकाणी मागच्या चाकांचा सारा भार कशावर उभा आहे याचा विचार करावा लागतो. नुकताच मारलेला डांबरासारखा काळा लेप दिसला की सावध व्हावे, कारण विक्रीच्या तोंडावर पोटाखाली लेप मारण्याचे अन्य कारण सहसा नसते. सर्वांत बोलकी चाचणी मात्र अगदी सोपी आहे. सपाट जागी चारही दारे उघडून, मिटून त्यांच्या फटी पाहाव्यात, मग एका बाजूला जॅक लावून गाडी किंचित उचलावी आणि तीच दारे पुन्हा लावून पाहावीत. आधी सहज मिटणारे दार आता अडू लागले किंवा वरची फट रुंदावली, तर गाडीची पेटी भाराखाली वाकत आहे हे उघड होते. अशी गाडी पूर्ववत करता येत नाही असे नाही, पण तिला आधी आतून आधाराचे पाइप जोडून, मापे राखत पट्ट्या नव्याने बसवाव्या लागतात. हे काम जाणणारे हात आता मोजके उरले आहेत. सपाट पत्र्यावर हातोडी आणि ठोकळा यांच्या साहाय्याने मडगार्डची गोलाई उतरवणारे कारागीर ज्या पिढीचे होते ती पिढी सरत आहे, आणि त्यांचे कौशल्य कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. जुन्या मोटारींच्या बाबतीत याहून मोठी हानी दुसरी नाही.

गाडी कोठे वाढली याचाही येथे विचार होतो. खारी हवा गंजाचा वेग वाढवते, त्यामुळे कोकणपट्टीत किंवा मुंबईत समुद्रालगत उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि सोलापूर किंवा मराठवाड्याच्या कोरड्या हवेत शेडखाली राहिलेली तितक्याच वयाची गाडी यांत पत्र्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर असते. रंग उडालेली, आसने फाटलेली पण कोरड्या जिल्ह्यातली गाडी ही ताज्या रंगाच्या किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा बहुधा चांगली खरेदी ठरते.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगता येते. सायलेन्सरमधून सतत येणारा निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खात आहे, म्हणजेच पिस्टनच्या रिंगा, बोअर किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. काळा धूर हा बहुधा कार्बोरेटरच्या मिश्रणाचा दोष असतो आणि तो सर्वांत स्वस्तात सुटतो. अनेक वर्षे बंद असलेले इंजिन मात्र सेल्फ मारून सुरू करण्याचा हट्ट धरू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, ते एकदोन दिवस मुरू द्यावे आणि नंतर हाताने फिरवून पाहावे. ते फिरले नाही तरी हताश होण्याचे कारण नाही, कारण बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, नव्या रिंगा आणि बेअरिंग ही कामे तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपमध्येही आजवर होत आली आहेत. इंधनाच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची गॅस्केटे तर बदलणे आलेच, कारण आता पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही.

जे वर्कशॉपमध्ये बनत नाही त्याची यादी वेगळी आहे, आणि खरेदीपूर्वी कागद-पेन्सिल घेऊन तीच करावयास हवी. पुढची जाळी, त्या त्या वर्षाच्या क्रोमच्या पट्ट्या, नावाची अक्षरे, हॉर्नची रिंग, मीटर, दारांच्या मुठी, काच चढवण्याची यंत्रणा, हँड गियरचे सांधे या वस्तू एकेक करून किरकोळ वाटतात. परंतु त्या मूळच्या आणि त्याच वर्षाच्या हव्या असतील तर मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याची भंगाराची दुकाने आणि पुण्याचा जुना बाजार पालथे घालूनही त्यांतली एखादी वस्तू मिळेलच असे नाही. म्हणून बंद पण पूर्ण असलेली गाडी ही चालू पण अपुऱ्या गाडीहून श्रेष्ठ मानावी. ज्या फियाटचा हँड गियर काढून जमिनीवरचा गियर आणि बकेट सीट बसवले आहेत, किंवा जिच्यात परके डिझेल इंजिन घातले आहे, तिच्यात किती मूळ भाग परत मिळवावे लागतील हे मोजल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत. ‘सगळे पार्ट माळ्यावर आहेत’ हे आश्वासन तर ते भाग डोळ्यांसमोर मांडून, मोजून घेतल्यावाचून स्वीकारू नये, कारण सुटी करून ठेवलेली गाडी जोडताना काय कमी आहे हे जोडणीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही.

कागदांची तपासणी पत्र्याइतक्याच बारकाईने करावी लागते, आणि या बाबतीत भावनेला जागा देऊ नये. खासगी मोटारीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. दीर्घकाळ बंद असलेल्या गाडीची ही साखळी बहुधा तुटलेली असते, आणि जुन्या वह्यांतली तिची नोंद संगणकीय ‘वाहन’ प्रणालीवर चढलेलीच नसेल तर आधी तिची ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. म्हणून आरसी बुकातील चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळवून, कागदावर पेन्सिल घासून त्यांचा ठसा घ्यावा. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा शिल्लक आहे का, मालक हयात आहे का, नसल्यास वारसांची संमती आहे का, गाडी परराज्यातली असल्यास तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र मिळते का, या प्रश्नांची उत्तरे पैसे देण्यापूर्वी मिळाली पाहिजेत. चासी क्रमांकाची जागाच सडून कापली गेलेली असेल, तर बाकी गाडी कितीही देखणी असली तरी ती घेऊ नये.

या संदर्भात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेली सुधारणा महत्त्वाची आहे. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली खासगी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी ही पन्नाशी २०२४ मध्ये गाठली. फेरबदल न केलेल्या गाडीचे मोल आता निव्वळ हौसेपुरते उरलेले नाही, त्याला कायद्याचाही आधार मिळाला आहे.

एवढे सारे पाहिल्यावर हिशेब मांडला, तर पत्रा, रंग, क्रोम आणि आसने यांचा खर्च गाडीच्या खरेदी किमतीला सहज मागे टाकतो, आणि पूर्ण झालेली फियाट विकून तो भरून येईल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. गुंतवणूक म्हणून जो या कामात पडतो तो बहुधा अर्धी सोललेली गाडी विकून बाहेर पडतो, आणि अशा अर्ध्या सोललेल्या गाड्याच पुढे भंगारात जातात. याउलट ज्या गाडीचा मूळ रंग फिका पडूनही टिकलेला आहे आणि आसनांचे मूळ कापड विरलेले असले तरी शाबूत आहे, तिला नव्याने रंगवण्याचा मोह टाळावा; तिचे यांत्रिक काम करून बाकीचे जपणे हेच तिच्या बाबतीत योग्य ठरते, कारण कारखान्यात लागलेला रंग एकदा खरवडला की तो पुन्हा लावता येत नाही. आणि जी गाडी पत्र्यात वा कागदांत नापास झाली, ती दुसऱ्या दोन गाड्यांना दारे, काचा आणि मुठी देऊ शकते, हेही तिच्या किमतीत धरावे.

ज्यांच्या अंगणात वा गॅरेजमध्ये अशी फियाट उभी आहे आणि जे ती काढून टाकण्याच्या विचारात आहेत, त्यांना एवढीच विनंती, की आरसी बुक, जुनी कराची पावती, दुसरी किल्ली आणि माळ्यावर ठेवलेली क्रोमची पट्टी रद्दीत किंवा भंगारात न देता गाडीसोबतच द्यावी.