पाठीवरचं पाणी
नवरात्रात कळसूबाईला निघालात ना? शिखर १६४६ मीटर उंच, आणि लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात गुंतलेले. बाटली काढणार कशी? तिथे नळीची पाणीपिशवी पाठीवर असली की चालता चालता घोट घेता येतो. लघवीला कुठे जायचं म्हणून आपण बायका पाणीच टाळतो आणि मग चक्कर येते. तसं करू नका.

मी दोन लिटरची घेतली. तीनची म्हणजे पाठीवर तीन किलो. पिशवीचं तोंड हात जाईल एवढं रुंद हवं. खरी कटकट धुण्याची! एकदा सरबत भरलं, नळी तशीच राहिली, आत काळी बुरशी. आता साधं पाणीच भरते, घरी येऊन नळी धुऊन टांगते.

आत किती उरलं ते दिसत नाही. माथ्यावर टेकलात की उघडून बघा, उतरायलाही पाणी लागतं.